ग्रीक कार्ड आणि इंग्लिश फुटबॉल

खेळ मैदानावर खेळला जातो, पण त्याची मालकी आता न्यायालयात ठरते. एके काळी तिकीट काढून आत जाणारे आणि कुंपणाबाहेरच्या झाडावर चढून सामना पाहणारे असे प्रेक्षकांचे दोनच वर्ग होते. झाडावरच्या प्रेक्षकावर फौजदारी खटला भरावा, असे कोणाच्या मनातही येत नसे. दूरचित्रवाणीने हे कुंपण निरर्थक केले आणि उपग्रहाने देशांच्या सीमाही पुसून टाकल्या. मग खेळाचे चित्र विकून पैसा मिळवणाऱ्यांना नवी कुंपणे उभारणे भाग पडले. ही कुंपणे तारेची नसून कराराची, सांकेतिक लहरींची आणि अखेरीस कायद्याची आहेत. त्यांची उंची किती असावी, हा प्रश्न इंग्लंडमधील एका पबचालक बाईंच्या खटल्यामुळे युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे गेला. लक्झेंबर्ग येथे ४ ऑक्टोबर २०११ रोजी त्यावर जो निकाल लागला, तो फुटबॉलप्रेमींपुरता महत्त्वाचा नाही. सार्वजनिक आनंदाच्या गोष्टीवर खाजगी मालकीचा हक्क कोठवर चालावा, याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा, असा आहे.

पोर्टस्मथ हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील आरमारी बंदर. तेथील साउथसी भागात ‘रेड, व्हाइट अँड ब्लू’ नावाचा पब करेन मर्फी या बाई चालवीत असत. सुटीच्या दिवशी फुटबॉलचा सामना दाखवला तर गिऱ्हाईक येते, न दाखवला तर ते पलीकडच्या पबात जाते, हे त्या धंद्याचे साधे गणित होते. प्रीमियर लीगचे सामने इंग्लंडमध्ये दाखवण्याचे हक्क मुख्यतः स्काय या कंपनीकडे होते आणि पबसाठी तिची वर्गणी घरगुती वर्गणीच्या कितीतरी पट होती. मर्फीबाईंना ती महिन्याला सुमारे सातशे पौंड पडली असती. त्याऐवजी त्यांनी नोव्हा या ग्रीक उपग्रहसेवेचे डिकोडर कार्ड मिळवले. त्याचा खर्च वर्षाला सुमारे आठशे पौंड होता. म्हणजे स्कायच्या एका महिन्याच्या पैशांत जवळजवळ वर्षभराची सोय झाली. संघ तेच, सामने तेच, मैदानावरून निघालेले चित्रही तेच; ते आकाशमार्गे अथेन्सच्या वाटेने पोर्टस्मथला आले, एवढाच फरक.

हा फरक मर्फीबाईंना महागात पडला. लीगच्या वतीने असे पब हुडकून त्यांच्यावर खटले भरणाऱ्या एका खाजगी संस्थेने त्यांना न्यायालयात खेचले. १९८८च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याच्या २९७व्या कलमानुसार, आकार चुकवण्याच्या हेतूने अप्रामाणिकपणे एखादा प्रक्षेपित कार्यक्रम मिळवणे हा गुन्हा आहे. त्या कलमाखाली पोर्टस्मथच्या दंडाधिकाऱ्यांनी २००७ साली त्यांना दोषी ठरवले आणि दंड व खर्च मिळून सुमारे आठ हजार पौंडांचा भुर्दंड बसला. वरच्या न्यायालयात अपीलही फेटाळले गेले. या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मर्फीबाईंनी चोरीचे यंत्र वापरले नव्हते, बनावट कार्ड केले नव्हते, कोणाची वर्गणीही बुडवली नव्हती. ज्या कंपनीचे कार्ड होते तिचे पैसे चुकते झाले होते आणि त्या कंपनीने लीगला तिच्या हक्काचे पैसे दिले होते. मर्फीबाईंचा अपराध एवढाच, की लीगने ज्या दुकानातून माल घ्यावा असे ठरवून दिले होते, ते दुकान सोडून त्यांनी तोच माल दुसऱ्या दुकानातून स्वस्तात घेतला. बाजारात याला शहाणपण म्हणतात. येथे त्याचा गुन्हा झाला.

असे का झाले हे समजण्यासाठी इंग्लिश फुटबॉलच्या अर्थकारणाकडे वळावे लागते. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा कारखान्यांच्या, गिरण्यांच्या आणि खाणींच्या गावांतून वाढलेला खेळ. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की कामगार थेट मैदानाकडे वळत. दूरचित्रवाणीवर सामने थेट दाखवले तर मैदाने ओस पडतील, या धास्तीने क्लबचालकांनी त्या माध्यमाला दीर्घकाळ दूर ठेवले. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसू लागले ते १९८३ पासून, आणि तेही बीबीसी व आयटीव्हीवर, म्हणजे निराळी वर्गणी न भरता. १९८८ साली आयटीव्हीने चार वर्षांच्या हक्कांसाठी ४ कोटी ४० लाख पौंड मोजले, तेव्हा ती रक्कम डोळे विस्फारणारी वाटली होती. १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीचे क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून फुटून निघाले, त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली आणि रूपर्ट मरडॉक यांच्या उपग्रह दूरचित्रवाणीशी करार केला. पाच वर्षांचा ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून गाजलेला तो करार. त्या दिवसापासून पहिल्या श्रेणीचा थेट सामना पाहणे ही वर्गणीदारांची मिरास झाली. पुढे आकडे भूमितिश्रेणीने वाढत गेले. २०१० ते २०१३ या तीन हंगामांचे देशांतर्गत थेट हक्क १७८ कोटी पौंडांना गेले, त्यापुढच्या तीन हंगामांचे ३०१ कोटींना, आणि २०१६ ते २०१९ चे ५१३ कोटींना.

एवढी रक्कम मोजणाऱ्याला एका गोष्टीची हमी हवी असते. आपल्या प्रदेशात आपल्यावाचून दुसऱ्या कोणाकडूनही हा माल मिळणार नाही, ही ती हमी. लीग आपले हक्क देशागणिक विकते. इंग्लिश फुटबॉलचे वेड इंग्लंडमध्ये सर्वाधिक, म्हणून तेथील भाव सर्वांत चढा. ग्रीसमध्ये मागणी कमी, म्हणून भावही उतरता. ही भावातली तफावत टिकायची तर स्वस्त प्रदेशातला माल महाग प्रदेशात जाता कामा नये. उपग्रहाच्या लहरींना हे बंधन ठाऊक नसते, त्या अर्ध्या युरोपवर सारख्याच बरसतात. म्हणून लीगने परदेशी कंपन्यांवर दोन अटी घातल्या: प्रक्षेपण सांकेतिक रूपातच करायचे आणि ते उलगडणारे कार्ड आपल्या देशाबाहेर विकायचे नाही. ग्रीसचे कार्ड पोर्टस्मथला पोचले, तेव्हा धक्का एका पबच्या वर्गणीला नव्हता, या संपूर्ण रचनेला होता. लीग इतक्या हिरिरीने लढली याचे कारण हेच.

लीगची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रक्षेपणाचा पैसा केवळ चार बलाढ्य क्लबांच्या तिजोरीत जात नाही. देशांतर्गत हक्कांच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सर्व क्लबांत समान वाटला जातो, पाव भाग गुणतक्त्यातील स्थानानुसार आणि पाव भाग किती सामने दाखवले गेले त्यानुसार मिळतो. सामुदायिक विक्रीच्या या पद्धतीला आव्हान दिले गेले, तेव्हा १९९९ साली ब्रिटनच्या संबंधित न्यायालयाने लीगचाच पक्ष मान्य केला होता. प्रत्येक क्लबने आपापले सामने स्वतंत्रपणे विकले असते तर लहान क्लबांची काय गत झाली असती, हे उघड आहे. दुसरा युक्तिवाद मैदानांचा. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट सामना दाखवायचा नाही, असा दंडक आहे. त्याचा हेतू असा, की खालच्या श्रेणीतील लहान गावांच्या क्लबांच्या सामन्यांना माणसे जावीत, घरी बसून मोठ्या संघांचा खेळ पाहत बसू नयेत. परदेशी कार्डाने नेमके याच वेळचे सामने पबात दिसू लागले. हे दोन्ही युक्तिवाद पोकळ नाहीत. प्रश्न एवढाच होता, की त्यांच्या रक्षणासाठी एका पबचालक बाईला गुन्हेगार ठरवणे आवश्यक होते काय?

लंडनच्या उच्च न्यायालयाला स्वतःच या प्रश्नाचे उत्तर देणे योग्य वाटले नाही. ब्रिटन त्या वेळी युरोपीय संघाचा सभासद होता आणि एका सभासद देशातील सेवा दुसऱ्या देशातील नागरिकाला घेता यावी, हे संघाच्या कराराचे मूळ सूत्र होते. म्हणून २००८ साली हे प्रकरण लक्झेंबर्गला पाठवण्यात आले. परदेशी कार्डे पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांवर लीगने केलेला दिवाणी दावाही त्यास जोडला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाच्या महाअधिवक्ता युलियाने कोकोट यांनी आपले मत मर्फीबाईंना अनुकूल असे दिले आणि ऑक्टोबरमध्ये विस्तृत पीठाने निकाल दिला.

या निकालाचे पहिले सूत्र असे: परदेशी कार्डाची आयात, विक्री व वापर यांस बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा सेवांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वाशी विसंगत आहे. प्रक्षेपकाने स्वतः बाजारात आणलेले आणि पैसे घेऊन दिलेले कार्ड हे चोरीचे साधन नव्हे. ते मिळवताना खोटा पत्ता दिला असला किंवा घरगुती कार्ड व्यापारी कामासाठी वापरले असले, तरी त्यामुळे ते युरोपीय निर्देशातील अर्थाने बेकायदा यंत्र ठरत नाही. दुसरे सूत्र: कार्ड आपल्या देशाबाहेर विकायचे नाही, ही लीगने कंपन्यांवर घातलेली अट स्पर्धेला मारक आणि म्हणून अवैध आहे. हक्क देशवार विकण्यास न्यायालयाने मज्जाव केला नाही. एका देशाची बाजारपेठ दुसऱ्यापासून पूर्णपणे तोडून टाकणारी भिंत मात्र त्याने अमान्य केली.

तथापि या दोन सूत्रांपेक्षा त्यांच्या मुळाशी असलेला विचार अधिक मोलाचा आहे. बौद्धिक संपत्तीचा धनी योग्य मोबदल्याचा अधिकारी आहे, शक्य तितक्या अधिक मोबदल्याचा नव्हे, असा विवेक न्यायालयाने केला. प्रक्षेपण किती लोक प्रत्यक्ष पाहतात व किती पाहू शकतील, त्यात ग्रीसबाहेरचे किती असतील, याचा हिशेब करून लीगने ग्रीक कंपनीकडून अधिक पैसे घ्यावेत. त्यास हरकत नाही. परंतु संपूर्ण मक्तेदारीची हमी दिल्याबद्दल जो जादा भाव मिळतो, तो मालाचा भाव नसून भिंतीचा भाव आहे, आणि भिंतीचा भाव वसूल करून देणे हे कायद्याचे काम नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मक्तेदाराच्या नफ्याबद्दल जे शिकवले जाते, ते या ठिकाणी कायद्याच्या भाषेत उतरले आहे. औषधे, पाठ्यपुस्तके, चित्रपट, संगणकाचे कार्यक्रम अशा अनेक वस्तूंच्या बाबतीत हाच वाद निरनिराळ्या वेषांत उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी ‘योग्य’ व ‘अधिकतम’ यांतील हे अंतर उपयोगी पडणारे आहे.

याच निकालात न्यायालयाने आणखी एक मूलभूत विधान केले. फुटबॉलचा सामना हा कॉपीराइटचा विषय होऊ शकत नाही. कॉपीराइटसाठी निर्मात्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती लागते. खेळ नियमांनी बांधलेला असतो आणि या कायद्याला अभिप्रेत असलेल्या सर्जनस्वातंत्र्याला त्यात वाव नसतो. पेले किंवा मॅराडोना यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे विधान अरसिक वाटेल. मैदानावर कला नसते असे न्यायालयाने म्हटलेले नाही. त्या कलेचा सातबारा कोणाच्या नावावर चढत नाही, एवढेच म्हटले आहे. एखाद्या देशाने आपल्या कायद्याने सामन्यांना वेगळे संरक्षण द्यावयाचे ठरवल्यास ते त्याला करता येईल, असेही न्यायालयाने नमूद केले. पण मुळात नव्वद मिनिटांचा खेळ ही लेखकाच्या कादंबरीसारखी कोणाची रचना नाही, हे एकदा सांगितले जाणे अगत्याचे होते.

२४ फेब्रुवारी २०१२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने मर्फीबाईंची शिक्षा रद्द केली. पोर्टस्मथच्या पबने प्रीमियर लीगला हरवले, असे मथळे तेव्हा झळकले. परंतु निकालाचा उत्तरार्ध ज्यांनी वाचला होता, त्यांना या जल्लोषात सामील होणे कठीण गेले असेल. सामना कॉपीराइटखाली येत नाही, हे खरे. पण सामन्याआधी दाखवली जाणारी चित्रफीत, लीगचे गीत, पूर्वीच्या सामन्यांतील निवडक क्षणांचे चित्रीकरण आणि पडद्यावरील रेखाकृती या कॉपीराइटखाली येतात. त्या पबातील पडद्यावर दाखवणे म्हणजे जनतेपुढे प्रसृत करणे होय आणि त्यासाठी धन्याची अनुमती लागते, असेही न्यायालयाने म्हटले होते. याचा अर्थ असा, की मर्फीबाईंना ग्रीक कार्ड विकत घेण्याचा हक्क मिळाला, ते घरी बसून पाहण्याचा हक्क मिळाला. पण ज्या पबसाठी त्यांनी हा खटाटोप केला, तेथे लीगचे बोधचिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात उमटताच त्या पुन्हा अडचणीत येणार. गाय दानात मिळाली, पण दोरी दात्याच्याच हातात राहिली.

ती दोरी लीगने सोडली नाही. एका परदेशी कार्डावरून सामने दाखवणाऱ्या स्वान्सी येथील पबचालकाविरुद्धच्या दाव्यात २०१४ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने बोधचिन्हे व रेखाकृती यांच्या कॉपीराइटचा भंग झाल्याचे मान्य करून लीगच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ साली अपील न्यायालयाने तो कायम केला. ज्या वाटेने परदेशी कार्डाला बंदी घालता येत नव्हती, त्या वाटेऐवजी दुसरी वाट सापडली. खेळ कोणाच्या मालकीचा नाही, पण खेळाच्या कोपऱ्यातील चिन्ह मालकीचे आहे, आणि चिन्ह पुसून खेळ दाखवता येत नाही. म्हणून व्यवहारात खेळही मालकीचा झाला. शनिवारच्या दुपारच्या बंदीचा प्रश्नही न्यायालयाने सुचवलेल्या मार्गाने सुटण्याजोगा होता. त्या वेळात सामना दाखवू नये अशी अट लीगला परदेशी कंपन्यांशी होणाऱ्या करारातच घालता येते, त्यासाठी कार्डावर बंदी घालण्याचे कारण नाही, असे निकालात म्हटले आहे.

त्यानंतर जमीनच हलली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाअखेर संक्रमणकाळही संपला. सेवांच्या मुक्त संचाराचे ज्या करारात वचन होते, तो करारच ब्रिटिश पबचालकाला लागू राहिला नाही. युरोपात जे राहिले त्यांनाही या निकालाचे फळ पुरते मिळाले असे नाही. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या नियमाने युरोपीय वर्गणीदाराला प्रवासात आपल्या देशातील सशुल्क सेवा वापरण्याची मुभा मिळाली. पण त्याच वर्षी ग्राहकांना देशावरून भेदभावाने वागवण्यास मनाई करणारा जो दुसरा नियम झाला, त्यातून दृक्‌श्राव्य सेवा वगळण्यात आल्या. म्हणजे अथेन्सच्या वर्गणीदाराने बर्लिनच्या हॉटेलात आपला सामना पाहावा, हे मान्य. बर्लिनच्या रहिवाशाने अथेन्सची वर्गणी भरावी, याची हमी नाही. न्यायालयाने भिंतीला खिंडार पाडले, कायदेमंडळाने त्यातील थोडाच भाग रस्त्यासाठी मोकळा ठेवला.

स्पर्धा आणली म्हणजे ग्राहकाचे भले होते, या समजुतीचीही या कहाणीत परीक्षा झाली. एकाच कंपनीकडे सर्व थेट सामने असू नयेत, असा आग्रह युरोपीय आयोगाने धरला आणि २००६ साली लीगने हक्कांचे सहा गट करून ते एकाच खरेदीदाराला न विकण्याचे मान्य केले. परिणामी सेटांटा ही दुसरी कंपनी पुढे आली. सर्व सामने पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला मात्र एकाऐवजी दोन वर्गण्या भराव्या लागल्या. २००९ मध्ये सेटांटा बुडाली. पुढे बीटी ही दूरध्वनी कंपनी मैदानात उतरली, चढाओढ वाढली आणि हक्कांच्या किमती गगनाला भिडल्या. या स्पर्धेत भाव वाढला तो प्रेक्षकाच्या खिशातून. मर्फीबाईंच्या ग्रीक कार्डाने दाखवलेली स्पर्धा निराळ्या जातीची होती. तीत विक्रेते हक्कासाठी एकमेकांवर चढाओढ करत नव्हते, ग्राहक दोन विक्रेत्यांपैकी एकाची निवड करत होता. ग्राहकाच्या हिताची खरी स्पर्धा ही दुसरी, आणि नेमकी तीच करारांनी रोखली होती.

२०२५ ते २०२९ या चार हंगामांचे देशांतर्गत हक्क ६७० कोटी पौंडांना विकले गेले. या रकमेच्या पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे, हे पाहावे. २०२३ साली इंग्लंडमधील एका न्यायालयाने स्वस्तात बेकायदा प्रक्षेपण पुरवणाऱ्या पाच जणांना मिळून तीस वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली. तो खटलाही लीगनेच खाजगीरीत्या भरला होता. त्या टोळीचे समर्थन करता येणार नाही. तिने कोणालाच हक्काचे पैसे दिले नव्हते आणि तिची तुलना मर्फीबाईंशी करणे अन्यायाचे होईल. परंतु त्या टोळीला हजारो गिऱ्हाइके मिळाली, या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करूनही चालणार नाही. प्रामाणिक माणसाला परवडेल अशी कायदेशीर वाट जेथे बंद होते, तेथे चोरवाटेची रहदारी वाढते. भिंत जितकी उंच, तितका शिडीचा धंदा तेजीत.

या साऱ्या प्रकरणातून भारतीय वाचकाला परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न युरोपच्या सोळा वर्षे आधी, क्रिकेटच्या निमित्ताने हाताळला होता. १९९३च्या हीरो चषक सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल देताना न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, ध्वनिलहरींचे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक यंत्रणेच्या नियमनाखाली झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. आकाशावर सरकारची मक्तेदारी त्या न्यायालयाने मानली नाही आणि धनिकांचीही मानली नाही. महाराष्ट्राच्या या न्यायविदाने मांडलेले ते सूत्र लक्झेंबर्गच्या निकालाशेजारी ठेवून वाचले तर एक फरक जाणवतो. युरोपीय न्यायालयाने बाजारपेठेच्या एकतेतून विचार केला, भारतीय न्यायालयाने नागरिकाच्या माहिती मिळवण्याच्या व देण्याच्या हक्कातून. एकाच्या दृष्टीसमोर ग्राहक होता, दुसऱ्याच्या दृष्टीसमोर नागरिक.

त्या दुसऱ्या दृष्टीतून भारतात २००७ साली कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित केलेल्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला दिलेच पाहिजे आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा किमान तीन चतुर्थांश वाटा मूळ हक्कदाराला मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. पैसा देणाऱ्याला पैसा, पाहणाऱ्याला खेळ, अशी ही तडजोड. मात्र येथेही दोरी आखडली गेली. हे चित्र दूरदर्शनने आपल्या स्वतःच्या यंत्रणेवरच दाखवावे, खाजगी केबलवरील दूरदर्शनच्या वाहिनीतून ते पुढे जाऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. म्हणजे खेड्यातील ज्या घरावर दूरदर्शनची मोफत तबकडी आहे त्याला सामना दिसणार, शहरातील केबलधारकाला त्याच वाहिनीवर तो दिसणार नाही. कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्षात पोचणारा हक्क यांत अंतर राहते, हा अनुभव युरोपचाच आहे असे नाही.

युरोपातही अशा यादीचा मार्ग आहे. विश्वचषकासारख्या स्पर्धा वर्गणी न घेता सर्वांना दिसल्या पाहिजेत, अशी यादी ब्रिटन व बेल्जियम यांनी केली; तिला फुटबॉलच्या जागतिक व युरोपीय महासंघांनी दिलेले आव्हान युरोपीय न्यायालयाने २०१३ साली फेटाळले. इंग्लंडच्या यादीत एफ. ए. चषकाचा अंतिम सामना आहे, पण प्रीमियर लीगचा एकही सामना नाही. वास्तविक मर्फीबाईंच्या प्रकरणाचे टिकाऊ उत्तर ग्रीक कार्डात नव्हते, ते या यादीत होते. हंगामातील काही निवडक सामने जरी सर्वांना विनावर्गणी दिसले असते, तरी लीगचा डोलारा कोसळला नसता आणि ज्या कामगारवस्त्यांनी हा खेळ शतकभर पोसला, त्यांच्या मुलांना तो उंबरठ्यावरून तरी पाहता आला असता. हे काम न्यायाधीशांचे नव्हे. न्यायाधीश समोर आलेल्या खटल्यापुरते बोलतो, कायदेमंडळाने सर्वांसाठी बोलायचे असते. ब्रिटिश पार्लमेंटने ते टाळले, म्हणून एका बाईला ग्रीसच्या वाटेने जावे लागले.

खेळाला पैसा लागतो हे कोणी नाकारीत नाही. मैदाने बांधायची, खेळाडू पोसायचे, लहान क्लब जगवायचे तर प्रक्षेपणाचे उत्पन्न हवेच आणि ज्याने पैसे मोजले त्याला संरक्षणही हवे. परंतु मोबदला देणाऱ्या आणि मोबदला बुडवणाऱ्या माणसात फौजदारी कायद्याने भेद केला पाहिजे. पहिल्याचा वाद हा कराराचा वाद आहे. तो दिवाणी न्यायालयात चालावा. त्याच्यावर चोरीचा शिक्का मारण्यासाठी सरकारी दंडशक्ती भाडोत्री मिळू लागली, की कायदा न्यायाचा न राहता वसुलीचा होतो. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ही वसुली नाकारली, हे त्या निकालाचे थोरपण. कोपऱ्यातील चिन्हाने ती पुन्हा मागच्या दाराने आत आली, हे त्याचे अपुरेपण. नव्वद मिनिटांच्या खेळाची मालकी कोणाचीच नाही, हे तत्त्व न्यायालयाने सांगून ठेवले आहे. ते सामान्य प्रेक्षकाच्या घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी आता लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहांची आहे, आणि ती लंडनची असोत वा दिल्लीची, या बाबतीत त्यांची परीक्षा एकच आहे.